घटक ४ : बहुभाषिकता, मन आणि भाषाविकास

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• बहुभाषिकता ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• एकाहून अधिक भाषांत वाढणाऱ्या बालकाचा भाषाविकास कसा होतो, हे सांगता येईल.
• बहुभाषिकतेचा विचारशक्तीवर होणारा परिणाम आणि त्यासंबंधीच्या संशोधनाच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.
• 'बेरजेची' आणि 'वजाबाकीची' द्विभाषिकता यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल.
• स्वतःच्या भाषाव्यवहाराकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एका दिवसात तुम्ही किती भाषा वापरता, याचा कधी हिशेब केला आहे काय? जळगाव किंवा धुळे परिसरातील एखादी गृहिणी घरात अहिराणी बोलते, मुलांच्या शाळेत शिक्षकांशी प्रमाण मराठीत बोलते, रेल्वेगाडीत शेजारच्या प्रवाशाशी हिंदीत बोलते आणि बँकेतील इंग्रजी अर्ज वाचून भरते. सोलापुरातील विणकर कुटुंबात तेलुगू, पेठेत मराठी आणि कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी असा व्यवहार सहज चालतो. यांपैकी कोणालाही आपण काही विशेष करीत आहोत असे वाटत नाही.

भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ टक्के लोकांनी आपल्याला दोन भाषा येतात, तर सुमारे ७ टक्के लोकांनी तीन भाषा येतात असे नोंदविले. प्रत्यक्षातील प्रमाण याहून अधिक असणे शक्य आहे. कारण घरातील बोली पुष्कळदा वेगळी भाषा म्हणून सांगितलीच जात नाही.

बहुभाषिकता इतकी सार्वत्रिक असूनही तिच्याविषयी अनेक शंका आपल्या मनात असतात. दोन भाषा कानांवर पडल्या तर मूल गोंधळेल काय? घरी कोरकू बोलणारे मूल मराठी शाळेत गप्प बसते, ते मंदबुद्धी असते काय? मुलाने पुढे जावे म्हणून आईवडिलांनी स्वतःची भाषा घरात बोलणे सोडावे काय? या प्रश्नांची उत्तरे मुलांच्या आयुष्यावर परिणाम करतात. म्हणूनच ती ऐकीव समजुतींवरून न देता अभ्यासाच्या आधारे द्यायला हवीत. तसा प्रयत्न या घटकात आपण करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बहुभाषिकता म्हणजे काय?

'बहुभाषिक कोणाला म्हणावे?' या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकारे दिले आहे. अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये दोन्ही भाषांवर जन्मभाषकासारखे प्रभुत्व ही द्विभाषिकतेची कसोटी मानली. ही कसोटी लावली तर आपल्यापैकी फार थोडे लोक तिला उतरतील. उरीएल वाइनराइख यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात व्यवहाराला महत्त्व दिले. दोन भाषा आलटून पालटून वापरण्याचा प्रघात म्हणजे द्विभाषिकता, अशी त्यांची भूमिका होती. आज बहुतेक अभ्यासक या दुसऱ्या भूमिकेच्या जवळचे आहेत.

फ्रान्स्वा ग्रोजाँ यांनी १९८९ मध्ये आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. द्विभाषिक व्यक्ती म्हणजे एका देहात राहणाऱ्या दोन एकभाषिक व्यक्ती नव्हेत. तिची भाषाक्षमता ही एक सलग व्यवस्था असते आणि या व्यवस्थेत प्रत्येक भाषेला आपापले कार्यक्षेत्र असते. शेतीची अवजारे, बियाणे, गुरांचे आजार यांविषयी बोलताना एखाद्याला घरची बोलीच सुचते; संगणकाविषयी बोलताना मात्र त्याला इंग्रजी शब्दांवाचून पुढे जाता येत नाही. याचा अर्थ त्याला दोन्ही भाषा अर्धवट येतात असा नाही. ज्या भाषेत ज्या अनुभवाची गरज पडली, त्या भाषेत त्या अनुभवाचे शब्द वाढले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या घटकात आपण 'बहुभाषिकता' हा शब्द दोन किंवा अधिक भाषांच्या नित्य वापरासाठी योजणार आहोत. बोली आणि प्रमाणभाषा यांचा एकत्रित वापरही या चर्चेच्या कक्षेत येतो. कारण ध्वनी, शब्द आणि व्याकरण यांतील निवड तेथेही करावीच लागते.

४.३.२ बालकाचा भाषाविकास

भाषाविकासाची सुरुवात पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी होते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हे ध्वनी ऐकविले. इंग्रजीत हा भेद अर्थभेदक नसल्याने प्रौढ इंग्रजी भाषकांना तो ओळखणे जड जाते. मात्र सहा ते आठ महिन्यांची बाळे तो सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या वयापर्यंत त्यांची ही क्षमता बरीच ओसरली होती. हिंदी घरांतील बाळांमध्ये मात्र ती टिकून होती.

यावरून काय दिसते? मानवी बालक जन्मतः जगातील कोणत्याही भाषेसाठी तयार असते. पहिल्या वर्षात ते कानांवर पडणाऱ्या भाषेचे उपयुक्त ध्वनिभेद धरून ठेवते आणि इतर भेदांकडील त्याचे लक्ष कमी होते. दोन भाषा नियमित कानांवर पडत असतील, तर ते दोन्हींचे भेद राखू लागते.

अनेक पालकांना अशी भीती वाटते की, दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलू लागेल. या भीतीला संशोधनाचा आधार मिळत नाही. बोबडे बोल, पहिला शब्द, दोन शब्दांची वाक्ये हे टप्पे द्विभाषिक मुलेही सर्वसाधारणपणे त्याच वयोमर्यादेत गाठतात. एका बाबतीत मात्र फरक आढळतो. केवळ एकाच भाषेतील शब्द मोजले तर द्विभाषिक मुलाचा शब्दसंग्रह त्या भाषेच्या एकभाषिक मुलापेक्षा काहीसा लहान भरतो. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले, तर ही उणीव सामान्यतः उरत नाही. ज्या मुलाला 'पाणी', 'नीरू' आणि 'वॉटर' हे तिन्ही शब्द येतात, त्याची परीक्षा केवळ 'वॉटर' या शब्दावर घेणे हे त्याच्या ज्ञानाचे योग्य मापन ठरणार नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना लक्षात ठेवा. मूल खरोखरच फार उशिरापर्यंत बोलत नसेल, तर 'दोन भाषांमुळे असेल, बोलेल हळूहळू' असे म्हणून थांबू नये. त्याची श्रवणक्षमता तपासून घ्यावी व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तसेच, भाषाविकासात अडचण असलेल्या मुलांच्या बाबतीतही घरची भाषा बंद केल्याने ती अडचण दूर होते, असा पुरावा आढळलेला नाही. उलट त्यामुळे मूल आजी-आजोबांशी होणाऱ्या संवादाला मुकते.

४.३.३ भाषामिश्रण : गोंधळ की व्यवस्था?

'आई, मला मिल्क पाहिजे' असे मूल म्हणाले की काही पालकांना कौतुक वाटते, तर काहींना काळजी. एकाच वाक्यात दोन भाषांचे घटक येणे याला आपण 'भाषामिश्रण' म्हणू आणि प्रसंगानुसार एका भाषेतून दुसरीत जाणे याला 'भाषापालट' म्हणू.

लहान मुलांच्या मनात सुरुवातीला दोन्ही भाषांची एकच सरमिसळ व्यवस्था असते, असे मत एके काळी प्रचलित होते. पुढे फ्रेड जेनेसी आणि त्यांचे सहकारी यांनी माँट्रियल येथील फ्रेंच–इंग्रजी घरांतील मुलांचा अभ्यास केला. दोन वर्षांच्या आसपासची मुलेही समोरच्या माणसाची भाषा ओळखून आपली भाषा बेतत होती, असे त्यांना आढळले. मिश्रण होते ते बहुधा एखाद्या भाषेतील शब्द अद्याप माहीत नसल्यामुळे, किंवा घरातील मोठी माणसेच तसे बोलत असल्यामुळे.

मिश्रणालाही नियम असतात. 'मी ते फॉर्म सबमिट केले' या वाक्यात संज्ञा व क्रियेचा शब्द इंग्रजीतून आला आहे. परंतु 'केले' हे क्रियापद, 'ते' हे सर्वनाम आणि वाक्याचा क्रम पूर्णपणे मराठी आहे. 'मी केले सबमिट द फॉर्म' असे मराठी बोलणारा कोणी म्हणत नाही. म्हणजेच मिश्रण करणाऱ्याला दोन्ही भाषांच्या रचनेचे भान असते.

दीर्घकाळच्या सहवासाने भाषाच परस्परांच्या रचना स्वीकारू लागतात. याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातील आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये कुपवाड या गावाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज सांगली–मिरज–कुपवाड महानगरपालिकेचा भाग असलेले हे ठिकाण त्या काळी एक खेडे होते. जैन व लिंगायत कुटुंबे घरात कन्नड, मुस्लिम कुटुंबे उर्दू आणि इतर अनेक कुटुंबे मराठी बोलत. थोडी तेलुगू भाषक कुटुंबेही होती. वेगवेगळ्या गटांतील लोक एकत्र आले की मराठी ही सर्वांना चालणारी भाषा ठरे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या व्यवहारामुळे तेथील मराठी, उर्दू व कन्नड यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की, एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसरीतील शब्द क्रमाने ठेवले तरी वाक्य सिद्ध होई. 'पाला जरा कापून घेऊन आलो' या मराठी वाक्याचे तेथील उर्दू रूप 'पाला जरा काट के ले के आया' असे होते. कन्नड रूपही याच क्रमाने चाले.

कुपवाडच्या लोकांनी आपापली भाषा सोडली नाही. घरात कन्नड राहिली, उर्दू राहिली. शब्द वेगळे ठेवून त्यांनी आपली ओळख जपली आणि रचना जवळ आणून स्मरणावरील भार हलका केला. भाषाविज्ञानात या प्रक्रियेला 'भाषिक अभिसरण' म्हणतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) द्विभाषिकतेसाठी जन्मभाषकासारख्या प्रभुत्वाची कसोटी ........ यांनी मांडली.
(आ) कुपवाडमध्ये सर्व गटांना चालणारी भाषा ........ ही होती.

४.३.४ बुद्धिमापन चाचण्यांचा धडा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्विभाषिकता बुद्धीला मारक आहे, असे मत युरोप-अमेरिकेत प्रबळ होते. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्समधील सुमारे १,४०० मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेल्श आणि इंग्रजी बोलणाऱ्या ग्रामीण मुलांचे गुण केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा कमी होते. त्यावरून दोन भाषांमुळे मनात गोंधळ निर्माण होतो, असा अर्थ लावण्यात आला. शहरी मुलांमध्ये मात्र असा फरक दिसला नव्हता. दोष भाषेचाच असता, तर तो शहरातही दिसायला हवा होता.

या काळातील बहुतेक अभ्यासांत एक मूलभूत त्रुटी होती. मुलांची आर्थिक स्थिती, शाळेचा दर्जा, चाचणीच्या भाषेशी असलेला परिचय यांचा विचार त्यांत पुरेसा केलेला नव्हता. अमेरिकेत नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना इंग्रजीतून प्रश्न विचारून त्यांची 'बुद्धी' मोजली जात असे. प्रत्यक्षात मोजले जात होते ते त्यांचे इंग्रजी आणि त्यांचे दारिद्र्य.

एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांच्या १९६२ मधील अभ्यासाने या मताला कलाटणी मिळाली. त्यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांची मुले निवडली व सामाजिक स्तर समान राहील याची काळजी घेतली. फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असलेली मुले भाषिक आणि अभाषिक अशा दोन्ही प्रकारच्या चाचण्यांत सरस ठरली. या अभ्यासावरही आक्षेप आहे. दोन्ही भाषा उत्तम येणारीच मुले निवडली गेली असल्याने ती मुळातच अधिक चुणचुणीत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरीही द्विभाषिकतेने बुद्धी खुंटते, हे जुने मत त्यानंतर टिकले नाही.

या इतिहासापासून आपण एक गोष्ट शिकावी. 'भाषेमुळे असे झाले' असे विधान कोणी केले की, भाषेबरोबर आणखी काय काय बदलले आहे, हे प्रथम विचारावे.

४.३.५ अधिभाषिक जाणीव

भाषेचा वापर करणे वेगळे आणि भाषेकडे एक वस्तू म्हणून पाहणे वेगळे. भाषेच्या रूपाविषयी, नियमांविषयी असलेल्या या भानाला 'अधिभाषिक जाणीव' म्हणतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, परकी भाषा शिकताना मुलाला स्वतःच्या भाषेचे व्यवहार अधिक जाणीवपूर्वक कळू लागतात.

आपल्या अनुभवातील उदाहरणे घेऊ. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी; 'आवाज' मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलाच्या लवकर ध्यानात येते की, वस्तू आणि तिचे नाव यांचे नाते निसर्गाने बांधलेले नाही. लिंगही वस्तूच्या अंगी नसून भाषेच्या व्यवस्थेत आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' हा मराठीतील भेद हिंदीतील 'हम' या एकाच शब्दात दिसत नाही. हिंदी बोलायला लागल्यावरच अनेकांना आपल्या भाषेत असा भेद आहे, हे प्रथम जाणवते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एलेन बियालिस्टॉक यांनी मुलांना अर्थाने चमत्कारिक परंतु व्याकरणाने शुद्ध अशी वाक्ये दिली. 'सफरचंदे नाकावर उगवतात' हे तशा प्रकारचे वाक्य आहे. वाक्य बरोबर बोलले आहे की नाही, एवढेच सांगायचे होते. एकभाषिक मुले अर्थाच्या विचित्रपणामुळे असे वाक्य चूक ठरविण्याकडे झुकत. द्विभाषिक मुले अर्थ बाजूला ठेवून रचनेचा निर्णय अधिक चांगल्या प्रकारे देत.

भारतात अजित मोहंती यांनी ओडिशातील कंध समाजात केलेले संशोधन या संदर्भात मोलाचे आहे. या समाजातील काही भागांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलल्या जातात, तर काही भागांत कुई लोप पावून केवळ ओडिया उरली आहे. समाज एक, संस्कृती एक, आर्थिक स्थितीही सारखी, फरक भाषांचा. अशा तुलनेत द्विभाषिक मुले अधिभाषिक कार्यांत सरस आढळली. वेल्समधील चाचण्यांत जी त्रुटी होती, ती येथे मोठ्या प्रमाणात टळली.

४.३.६ मनाचे नियंत्रण : दावे आणि मर्यादा

बहुभाषिक व्यक्ती एका भाषेत बोलत असताना दुसरी भाषा मनात झोपलेली असते काय? मायकेल स्पायव्ही आणि व्हियोरिका मारियन यांनी १९९९ मध्ये रशियन–इंग्रजी द्विभाषिकांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या. त्यांना रशियन भाषेत 'मार्का' म्हणजे टपालतिकीट उचलण्यास सांगितले असता, त्यांची नजर क्षणभर समोर ठेवलेल्या 'मार्कर' या लेखणीकडेही जात होती. म्हणजे न वापरली जाणारी भाषाही मनात जागी असते.

दोन भाषा सतत जाग्या असतील, तर हवी ती निवडण्याचे आणि नको ती थोपविण्याचे काम मनाला सारखे करावे लागते. या सरावामुळे लक्ष केंद्रित करणे, अनावश्यक गोष्ट दूर सारणे, नियम बदलताच वागणे बदलणे या क्षमता वाढत असाव्यात, असा तर्क बियालिस्टॉक व इतरांनी मांडला. या क्षमतांना एकत्रितपणे 'कार्यकारी नियंत्रण' म्हणतात. पत्ते आधी रंगानुसार लावायला सांगून नंतर आकारानुसार लावायला सांगणे, अशा प्रकारच्या खेळांत द्विभाषिक मुलांनी चांगली कामगिरी केल्याचे अनेक अभ्यासांत आढळले.

परंतु चर्चा येथे संपत नाही. अँजेला डी ब्रुइन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखविले की, द्विभाषिकतेचा लाभ दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध होण्याची शक्यता लाभ न दाखविणाऱ्या अभ्यासांपेक्षा अधिक होती. २०१८ मध्ये मिन्ना लेहटोनेन व सहकाऱ्यांनी प्रौढांवरील १५२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्पष्ट असा लाभ उरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या माहितीतही तो दिसला नाही. दुसऱ्या बाजूला द्विभाषिकतेची किंमतही नोंदविली गेली आहे. चित्र पाहून त्याचे नाव सांगण्यास द्विभाषिकांना किंचित अधिक वेळ लागतो आणि 'शब्द अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही' हा अनुभव त्यांना जास्त वेळा येतो.

म्हणून 'अधिक भाषा म्हणजे अधिक बुद्धी' असे सरसकट विधान उत्तरपत्रिकेत किंवा व्यवहारात करू नये. अधिभाषिक जाणिवेबाबतचा पुरावा तुलनेने भक्कम आहे; कार्यकारी नियंत्रणाबाबतचा वादग्रस्त आहे; आणि बहुभाषिकतेने बुद्धीची हानी होते, या मताला आधार नाही.

४.३.७ बहुभाषिकता आणि वार्धक्य

सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ३९१ रुग्णांना दोन किंवा अधिक भाषा येत होत्या. त्यांच्यात या आजाराची लक्षणे एकभाषिक रुग्णांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. हा फरक निरक्षर रुग्णांमध्येही दिसला. म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. दोहोंपेक्षा अधिक भाषा येत असल्याने लाभ वाढतो, असे मात्र आढळले नाही.

असाच निष्कर्ष पूर्वी टोरांटो येथेही निघाला होता. परंतु तेथील द्विभाषिकांत स्थलांतरित बरेच होते, त्यामुळे लाभ भाषेचा की स्थलांतराचा हे ठरविणे कठीण होते. हैदराबादेत लोक पिढ्यान्‌पिढ्या बहुभाषिक असल्याने ही अडचण राहिली नाही. हे लक्षात घ्या की, येथे आजार टळल्याचे कोणी म्हटलेले नाही. लक्षणे उशिरा दिसल्याचे म्हटले आहे. शिवाय रुग्णालयात आलेल्यांऐवजी सर्वसाधारण लोकसमूहावर केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत.

४.३.८ बेरीज आणि वजाबाकी

आतापर्यंतच्या चर्चेवरून एक गोष्ट ध्यानात आली असेल. बहुभाषिकतेचा परिणाम भाषांच्या संख्येइतकाच परिस्थितीवर अवलंबून असतो. वॉलेस लँबर्ट यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक उपयुक्त भेद केला. पहिली भाषा कायम राहून तिच्यात दुसरीची भर पडते, तेव्हा ती 'बेरजेची' द्विभाषिकता होय. दुसरी भाषा पहिलीची जागा घेते, तेव्हा ती 'वजाबाकीची' द्विभाषिकता होय.

पुण्यातील मराठी घरातले मूल मराठी शाळेत शिकत असताना इंग्रजी शिकते, तेव्हा बहुधा बेरीज होते. मेळघाटातील कोरकू मुलाची स्थिती वेगळी असते. कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे. मराठी भारतीय आर्य कुळातील आहे. शब्द वेगळे, व्याकरण वेगळे. शाळेच्या पहिल्याच दिवशी शिक्षक, पुस्तक आणि फळा हे सर्व त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलू लागतात. ते गप्प बसते. या गप्पपणाला बुद्धिमांद्य समजणे म्हणजे सेअर यांच्या काळातील चूक शंभर वर्षांनी पुन्हा करणे होय. गडचिरोलीतील माडिया, नंदुरबारमधील भिली, पालघरमधील वारली बोलणाऱ्या मुलांचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. गावे आणि भाषा बदलल्या तरी वर्गात विचारायचा प्रश्न एकच राहतो : मुलाला जे येते, ते शाळेत मोजले जाते काय?

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी येथे दोन विचार मांडले. पहिला असा की, गप्पागोष्टींपुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत अंतर असते. नवी भाषा मूल दोनेक वर्षांत सफाईने बोलू लागते. परंतु तिच्यातून अमूर्त विचार करणे, कारणे देणे, लिहिणे यांसाठी पाच ते सात वर्षे लागू शकतात. बोलणे सफाईचे झाले म्हणजे भाषेचा प्रश्न सुटला, असे शिक्षकाने समजू नये. दुसरा विचार असा की, भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या तळाशी विचारक्षमता एकच असते. 'अपूर्णांक' ही कल्पना पहिल्या भाषेत पक्की झाली असेल, तर दुसऱ्या भाषेत केवळ शब्द शिकावा लागतो, कल्पना नव्हे. म्हणून पहिल्या भाषेत घालविलेला वेळ दुसऱ्या भाषेच्या दृष्टीने वाया जात नाही.

आता प्रास्ताविकातील पालकांच्या प्रश्नाकडे वळू. 'घरात मोडकेतोडके इंग्रजी बोलावे, की आपली भाषा?' मुलाच्या भाषाविकासाला समृद्ध, विपुल आणि जिव्हाळ्याचे बोलणे लागते. गोष्ट सांगणे, रागावणे, समजावणे, चेष्टा करणे हे सारे पालकांना ज्या भाषेत सहज जमते, ती भाषा घरात असावी. इंग्रजी अवश्य शिकावे; पण तिच्यासाठी घरची भाषा काढून घेण्याची आवश्यकता नाही.

४.३.९ प्रौढ अध्येता आणि स्वतःची भाषा

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषा आत्मसात करण्याचा एक विशेष कालखंड पौगंडावस्थेपर्यंत असतो, असा सिद्धांत मांडला. उच्चारांच्या बाबतीत लहान वयाचा फायदा स्पष्ट आहे. परंतु प्रौढाजवळही स्वतःची साधने असतात. तो नियम समजून घेतो, तुलना करतो, आधीच्या भाषेतील कल्पना वापरतो. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात त्याची गती पुष्कळदा मुलांपेक्षा अधिक असते.

तुमच्यापैकी अनेकजण घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोंकणी किंवा एखादी आदिवासी भाषा बोलत असतील आणि उत्तरे मात्र प्रमाण मराठीत लिहीत असतील. लिहिताना घरचे रूप मध्येच डोकावले की आपल्याला भाषाच येत नाही, असा संकोच वाटतो. या घटकाच्या प्रकाशात या अनुभवाकडे पुन्हा पाहा. दुसरी भाषा मनात जागी असते, म्हणून ती डोकावते. ते रूप उत्तरपत्रिकेत बदलावे, कारण तेथील संकेत प्रमाणभाषेचा आहे. परंतु ते रूप घरात अशुद्ध ठरत नाही. दोन्ही रूपे शेजारी ठेवून त्यांतील फरक शोधला, तर जे ओझे वाटत होते तेच भाषाभ्यासाचे साधन होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) हैदराबादच्या अभ्यासात भाषांची संख्या दोनपेक्षा जितकी जास्त, तितका लाभ अधिक आढळला.
(आ) दुसरी भाषा पहिलीची जागा घेते, तेव्हा ती वजाबाकीची द्विभाषिकता होय.

४.४ सारांश

बहुभाषिकता म्हणजे दोन किंवा अधिक भाषांचा नित्य वापर. बहुभाषिक मुलांचा भाषाविकास सर्वसामान्य टप्प्यांनीच होतो. त्यांचा शब्दसंग्रह सर्व भाषा मिळून मोजायला हवा. भाषामिश्रणाला नियम असतात आणि दीर्घ सहवासात भाषांच्या रचनाही जवळ येतात. बहुभाषिकतेने बुद्धी मंदावते हे जुने मत सदोष चाचण्यांवर आधारलेले होते. अधिभाषिक जाणीव वाढते, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. कार्यकारी नियंत्रणाच्या लाभाविषयी मतभेद आहेत. वार्धक्यातील लाभाचे संकेत आहेत, पण ते मर्यादेसह घ्यावेत. पहिल्या भाषेला घरात व शाळेत स्थान मिळाले, तर दुसरी भाषा भर घालते. ते नाकारले गेले, तर मुलाचे शिक्षणच संकटात येते.

४.५ पारिभाषिक शब्द

अधिभाषिक जाणीव : भाषेच्या रूपाविषयी व नियमांविषयी असलेले भान.
भाषापालट : प्रसंगानुसार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणे.
भाषिक अभिसरण : सहवासामुळे भाषांच्या रचना परस्परांच्या जवळ येणे.
कार्यकारी नियंत्रण : लक्ष, निवड आणि अनावश्यकाचा प्रतिबंध यांसंबंधीच्या मनाच्या क्षमता.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) लेनर्ड ब्लूमफील्ड (आ) मराठी
प्रश्न २ : (अ) चूक (आ) बरोबर

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'द्विभाषिक व्यक्ती म्हणजे दोन एकभाषिक व्यक्ती नव्हेत' हे विधान स्वतःच्या अनुभवातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. सेअर यांचा अभ्यास आणि मोहंती यांचा अभ्यास यांतील पद्धतीचा फरक सांगा.
३. बेरजेची व वजाबाकीची द्विभाषिकता यांची तुलना करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील तीन पिढ्यांतील प्रत्येकी एका व्यक्तीला कोणकोणत्या भाषा व बोली येतात, त्या ती कोणाशी आणि कोणत्या विषयांवर बोलते, याची नोंद एका तक्त्यात करा. कोणती भाषा कोणत्या पिढीत वाढली, कोणती कमी झाली, ते पाहा आणि त्यामागील कारणे त्या व्यक्तींनाच विचारून दोन पानांत लिहा. सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करा; तिच्याजवळचे काही शब्द केवळ तिच्याकडेच उरले असण्याची शक्यता आहे.